ब्रिजची भोकं पाडण्याआधी

इलेक्ट्रिक गिटार बनवताना बऱ्याच गोष्टी थोड्याफार निभावून जातात. बॉडीचा आकार मिलिमीटरभर कमी-जास्त झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पॉलिशला लाट आली तर परत घासून मारता येतं. पिकअप जरा इकडेतिकडे बसलं तर आवाजाचा पोत किंचित बदलतो, बस. ब्रिजचं, म्हणजे बॉडीवरच्या ज्या आधारावर तारा टेकतात त्याचं, तसं नाही. ब्रिज चुकीच्या जागी बसला तर ती गिटार सुरात वाजत नाही, मग लाकूड कितीही देखणं असो. म्हणून ब्रिजची भोकं पाडायची असतात त्या दिवशी मी दुसरं काम हातात घेत नाही.

सध्या भाचीसाठी गिटार बनवतोय. बॉडी शिवणीच्या लाकडाची, नेक तयार मागवलेला, साडेपंचवीस इंच स्केलचा, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या मोकळ्या लांबीचा, बोल्टनं बसणारा. ब्रिज मात्र तिला दोन खांबांवर उभा राहणारा ट्यून-ओ-मॅटिकच हवा होता. तळहाताची कड त्यावर टेकवून वाजवायची तिला सवय आहे. मी मोजमापं घेत बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "मामा, साडेपंचवीस इंच लिहिलंय ना त्याच्यावर? मग टेप लाव आणि भोक पाड की." हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, म्हणून आज सविस्तर लिहितो.

साडेपंचवीस इंच म्हणजे ६४७.७ मिलिमीटर. फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, जागा ह्या आकड्यावरून ठरतात. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर प्रत्येक फ्रेट आधीच्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत उरलेल्या लांबीच्या १७.८१७ व्या हिश्शावर पडतो. पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून) ३६.३५ मिलिमीटरवर, बारावा बरोबर निम्म्यावर, म्हणजे ३२३.८५ वर. पण ह्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: तार दाबली तरी तिचा ताण बदलत नाही. प्रत्यक्षात तार फ्रेटच्या दीड-दोन मिलिमीटर वर असते. ती खाली दाबली की ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. शिवाय पोलादी तार लवचीक असली तरी तिला स्वतःचा ताठपणा असतो. तार जितकी आखूड कराल तितका तो ताठपणा सुराला वर ढकलतो.

यावर उपाय एकच. तारेचं ब्रिजकडचं टोक स्केलच्या रेषेपेक्षा थोडं मागे, म्हणजे नटपासून लांब न्यायचं. किती फरक पडतो? साडेपंचवीस इंची गिटारवर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकायचा सरकता तुकडा, १ मिलिमीटर मागे गेलं की बाराव्या फ्रेटवरचा सूर साधारण २.७ सेंटनं उतरतो. अर्ध्या स्वरात १०० सेंट. कान तयार असेल तर पाच सेंट सहज जाणवतात. म्हणजे दोन मिलिमीटरची चूक ऐकू येते आणि चार मिलिमीटरची चूक असह्य होते. पाचव्या फ्रेटवर तोच १ मिलिमीटर सेंटभरही फरक करत नाही, म्हणून खालच्या कॉर्ड वाजवून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं आणि वर सोलो वाजवायला गेलं की गाडी घसरते.

आणि प्रत्येक तारेची गरज वेगळी. दहा नंबरच्या साध्या सेटमध्ये (नंबर म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) सर्वांत बारीक ई तारेला दीड-दोन मिलिमीटर पुरतात, जाड ई तारेला चार-साडेचार लागतात. मधल्या तारा त्या दोघींच्या मध्ये ओळीनं बसतील असं वाटतं, पण तसं होत नाही. जी (G) तार सतरा नंबरची, साधी, बिनवेढ्याची. डी तार सव्वीस नंबरची, वेढ्यांची. दिसायला डी जाड. पण वेढ्यांच्या तारेत ताण झेलते ती आतली गाभ्याची तार, आणि ती जीच्या पूर्ण पोलादी तारेपेक्षा बारीक असते. त्यामुळे जीचं सॅडल डीपेक्षा मागे जातं. नीट लावलेली कुठलीही गिटार बघा, सॅडल दोन टप्प्यांत दिसतील: जाड ई, ए, डी असे पुढे पुढे येतात, मग जीला एकदम मागे उडी, आणि तिथून बी, ई परत पुढे.

मी मूळचा मिरजेचा. सतारमेकर गल्लीत लहानपणी तासन्‌तास उभा राहायचो. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातलं कुणी पहिलं आल्यासारखा आनंद झाला होता. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. वाजवणारा बसतो, कान लावतो, पडदा बोटानं वर-खाली सरकवतो आणि स्वर मिळवतो. राग बदलला तर परत सरकवतो. तिथे पडदा स्वराकडे जातो. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकून बसवलेले. कारखान्यात एकदा खाचा पडल्या की त्या बावीस जागा कायमच्या ठरल्या. दुरुस्तीला जी काही जागा उरते ती तारेच्या दोन टोकांना, आणि त्यातलं नटचं टोक बहुतेक जण आहे तिथेच ठेवतात. राहता राहिला ब्रिज. बावीस फ्रेट गुणिले सहा तारा, एवढ्या सगळ्या स्वरांचा भार त्याच्या जागेवर असतो. मिरजेत उभं राहून जे बघितलं त्याचा अर्थ मला गिटार बनवायला लागल्यावर कळला.

हा प्रश्न सोडवायला अमेरिकेत वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. लिओ फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातून १९५० साली जी गिटार निघाली, जिला पुढे टेलिकास्टर नाव पडलं, तिच्यावर तीन पितळी सॅडल होती, दोन तारांत एक. डी आणि जी एकाच सॅडलवर. त्या काळात जी तार वेढ्यांची असायची म्हणून हे बऱ्यापैकी जमायचं. साधी जी आल्यावर एकीला पुढे जायचंय, दुसरीला मागे, आणि सॅडल एकच. टेलिकास्टरवाले आजही मधला सूर धरतात किंवा तिरपी कापलेली सॅडल लावतात. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर सहा तारांना सहा स्वतंत्र सॅडल आली. त्याच वर्षी गिब्सनच्या लेस पॉल कस्टमवर ट्यून-ओ-मॅटिक आला, गिब्सनचे तेव्हाचे प्रमुख टेड मॅकार्टी यांच्या नावे ओळखला जाणारा. यातही सहा सॅडल स्वतंत्र, पण सॅडलला पुढे-मागे जायला जागा स्ट्रॅटपेक्षा खूप कमी. म्हणूनच तो ब्रिज बॉडीवर तिरपा बसवतात, बारीक तारांची बाजू नेककडे पुढे आणि जाड तारांची मागे. बरीचशी भरपाई तिरपेपणातून, उरलेली सॅडलमधून. आणि म्हणूनच तो बसवताना हयगय चालत नाही. स्ट्रॅटचा ब्रिज थोडा चुकला तर सॅडलचे लांब स्क्रू सांभाळून घेतात, ट्यून-ओ-मॅटिक सांभाळून घेत नाही.

आता मोजमाप. माझी नोकरी भोसरीला टूलरूममध्ये. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात की सगळी मापं एकाच डेटमवरून, म्हणजे ठरवलेल्या एकाच मूळ कडेवरून, घ्यायची. एका मापाच्या टोकापासून दुसरं, दुसऱ्याच्या टोकापासून तिसरं असं घेत गेलात की प्रत्येकाची बारीक चूक पुढच्यात साठत जाते. गिटारचा डेटम म्हणजे नटची फ्रेटबोर्डकडची कड, जिथून तार मोकळी सुटते तो काठ. नटचा मध्य नाही, मागची कड नाही.

टेप तर लावूच नका. टेपच्या टोकाचा हूक मुद्दाम सैल ठेवलेला असतो, आतून आणि बाहेरून माप घेताना हूकची जाडी भरून निघावी म्हणून. सुतारकामाला ते चांगलं, इथे नाही. मी मीटरभराची स्टीलची पट्टी वापरतो आणि शून्यावरून न मोजता शंभरच्या रेघेवरून मोजतो, कारण पट्टीचं टोक झिजलेलं असू शकतं. शंभर नटच्या कडेला, आणि वाचन बाराव्या फ्रेटच्या माथ्याच्या मधोमध.

नेकवर छापलेल्या आकड्यावर मी ब्रिज बसवत नाही. हातात आलेल्या नेकवर नट ते बारावा फ्रेट जे भरेल त्याची दुप्पट, तेच त्या गिटारचं स्केल. खाचा मशीनवर पडलेल्या असल्या तरी नटची खाच कधी थोडी पुढे-मागे कापलेली असते, कधी फ्रेटबोर्डचं टोक घासलेलं असतं. ह्या नेकवर मला ३२३.९ भरलं, म्हणून स्केल ६४७.८. फरक नगण्य आहे, पण तो नगण्य आहे हे मोजल्यावर कळलं.

पुढचा प्रश्न असा की ६४७.८ वर नक्की काय आणायचं? इथे बऱ्याच ठिकाणी एक सल्ला वाचायला मिळतो, की सॅडल त्याच्या फेरीच्या (पुढे-मागे सरकायच्या जागेच्या) मधोमध ठेवा आणि ते स्केलच्या रेषेवर आणा. मला हा सल्ला पटत नाही. तारेला स्केलच्या रेषेच्या पुढे, नटकडे जाण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. मग फेरीचा पुढचा अर्धा भाग फुकट गेला, आणि जिथे खरी गरज आहे त्या मागच्या बाजूला जागा अपुरी पडली. मी उलट करतो. बारीक ई तारेचं सॅडल जवळपास पूर्ण पुढे घेतो, पुढे फक्त मिलिमीटर-दीड मिलिमीटर शिल्लक ठेवतो, आणि त्या स्थितीत सॅडलची धार, जिथे तार टेकणार ती धार, स्केलच्या रेषेच्या दीड मिलिमीटर मागे आणतो. जाड ईचं सॅडल चार मिलिमीटर मागे येईल असं ठेवतो आणि त्याच्याही मागे दोनेक मिलिमीटर उरतील हे बघतो. उद्या कुणी जाड तारा लावल्या, किंवा सूर उतरवून वाजवायचं ठरवलं, तर ती जागा लागते.

खांबाच्या मध्यापासून मोजायचं नाही, सॅडलच्या धारेपासून मोजायचं, हे मी पुन्हा लिहितो. बाजारात मिळणाऱ्या ट्यून-ओ-मॅटिकमध्ये खांब आणि सॅडलची धार यांचं नातं प्रत्येक बनावटीत वेगळं असतं, आणि सॅडल उलटसुलट बसवली की धारच मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं जागा बदलते. ब्रिज हातात आल्याशिवाय मी बॉडीवर खूण करत नाही.

तिरपेपणाचा हिशेब सोपा आहे. दोन खांबांमधलं अंतर ७४ मिलिमीटर, दोन टोकाच्या तारांमधलं ५२. जाड बाजूचा खांब ३ मिलिमीटर मागे घेतला तर तारांच्या जागी प्रत्यक्ष फरक ३ गुणिले ५२ भागिले ७४, म्हणजे २.१ मिलिमीटर पडतो. बारीक ई आणि जाड ई यांच्यात मला अडीच मिलिमीटर हवेत. उरलेले चार दशांश सॅडल सहज देतात. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा भाची पहिल्यांदा शांत बसून बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे कॉलेजमधलं त्रिकोणांचं प्रमाण हेच?" हेच.

लांबी झाली, आता मध्यरेषा. बॉडीवर आखलेल्या मध्यरेषेवर विसंबू नका. तार नेकची मध्यरेषा मानते, आणि नेक खिशात, म्हणजे बॉडीतल्या त्याच्या खाचेत, किंचित तिरपा बसलेला असू शकतो. खिसा साधारण ७६ मिलिमीटर लांब. तेवढ्यात अर्ध्या मिलिमीटरचा तिरपेपणा असेल तर ब्रिजपाशी पोचेपर्यंत तो दीड मिलिमीटरच्या आसपास जातो. तिथे एका बाजूची ई तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरायला लागते. म्हणून मी आधी नेक बोल्ट लावून पक्का बसवतो, मग टोकाच्या दोन खुंट्यांना शिवणकामाचा काळा दोरा बांधतो, नटच्या खाचांतून काढून ब्रिजवरून मागे नेतो आणि टोकाला वजन लटकवतो. ब्रिज दुतर्फी टेपनं तात्पुरता चिकटवलेला असतो. मग शेवटच्या फ्रेटपाशी दोऱ्यापासून कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना व्हर्नियरनं बघायचं. इथे ३.१ आणि ३.४ भरत होतं. ब्रिज थोडा सरकवला, ३.२ आणि ३.३ झालं, मी थांबलो. दोरा पोलादी तारेसारखा ताठ उभा राहात नाही, पण सरळ रेषा दाखवायला त्याच्याइतकं खरं साधन नाही.

उंचीचाही इथेच विचार करावा लागतो. जागा बरोबर असूनही ब्रिज निकामी ठरू शकतो, याचं उदाहरण खुद्द १९५२ ची पहिली लेस पॉल. नेकचा कोन इतका कमी ठेवला होता की तारा ब्रिजच्या दांडीच्या वरून नेल्या तर फार उंच राहायच्या, म्हणून त्या दांडीच्या खालून न्याव्या लागल्या आणि तळहात टेकवून वाजवणं अवघड झालं. दुसऱ्याच वर्षी रचना बदलली. ट्यून-ओ-मॅटिक पूर्ण खाली बसवला तरी बॉडीपासून बराच उंच राहतो. सपाट बॉडीवर, सरळ खिशात बसवलेल्या बोल्टच्या नेकला तो झेपत नाही. ह्या गिटारचा खिसा मी दीड अंशाच्या उतारानं कापला. तो कोन ब्रिज हातात घेऊन, लांब पट्टी फ्रेटवर ठेवून, ब्रिजपाशी ती किती उंचीवर येते हे बघून काढला. खिसा आधी कापून ब्रिज नंतर मागवला असता तर हे जमलं नसतं.

भोकं. आधी मास्किंग टेप, त्यावर चाकूच्या टोकानं रेघ, कारण पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते. रेघा छेदतात तिथे पंच. लाकडाचे रेषे बिटला आपल्या दिशेनं ओढतात, म्हणून आधी हातानं टोच्या फिरवून खड्डा करायचा आणि मध्ये टोक असलेलं लाकडाचं बिट घ्यायचं. बुशचं (ब्रिजचा खांब ज्यात बसतो त्या धातूच्या नळीचं) माप आधी त्याच लाकडाच्या तुकड्यात भोक पाडून बघायचं. शिवण मऊ असते, सागात जे भोक घट्ट होतं ते शिवणीत सैल वाटू शकतं. ड्रिल उभ्या मशीनवरच. हातातल्या ड्रिलनं भोक एक-दोन अंश कललं तरी दोन खांब समांतर राहात नाहीत, आणि ब्रिज वर-खाली करताना अडकतो.

आणि बुश ठोकायच्या आधी अर्थची वायर. कंट्रोलच्या पोकळीतून जाड बाजूच्या खांबाच्या भोकात लांब बिटनं एक बारीक वाट काढायची, वायरचं सोललेलं टोक भोकात वळवून ठेवायचं, मग बुश ठोकायचं. ती बुशच्या अंगाला घट्ट चिकटते आणि तारांना हात लावला की गुणगुण बंद होते.

तारा चढवल्यावर लगेच सॅडलला हात लावायचा नाही. आधी नटच्या खाचांची खोली, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, आणि शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागेल अशी सॅडलची जागा. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढत असेल तर दोष बहुधा नटच्या उथळ खाचांचा असतो, आणि लोक बिचाऱ्या ब्रिजचे स्क्रू फिरवत बसतात. पहिल्या फ्रेटजवळ तार उंच असेल तर ती दाबताना जास्त ताणली जाते, आणि ब्रिजकडून तिथला फरक सेंटच्या अंशाएवढाच भरून निघतो.

इंटोनेशन बघताना तारा नव्या हव्यात. गिटार मांडीवर, वाजवतो तशी. बाराव्या फ्रेटवर तार हलकेच स्पर्शून हार्मोनिक वाजवायचा, मग तिथेच दाबून वाजवायचं. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. प्रत्येक वेळी सॅडल सरकवल्यावर तार परत मिळवायची आणि मगच वाचन घ्यायचं. दाबताना भाचीला दाबायला लावलं, मी नाही. माझा हात जड आहे, आणि सूर तिच्या बोटांना हवाय.

दहा ते शेहेचाळीसच्या सेटवर स्केलच्या रेषेपासून सॅडलच्या धारा शेवटी इथे आल्या: बारीक ई १.७ मिलिमीटर, बी २.४, जी ३.४, डी २.३, ए ३.२, जाड ई ४.२. जी आणि डीमधली उडी अपेक्षेप्रमाणे. जीचं सॅडल मागे जवळपास अर्ध्या फेरीवर थांबलंय, जाड ईला मागे दोन मिलिमीटरला थोडी कमी जागा उरली आहे. तिला पुढे अकराचा सेट लावायचा आहे. तेव्हा जी अठरा नंबरची होईल आणि सगळ्यांचीच जागा थोडी हलेल, पण नवं भोक पाडावं लागणार नाही.

पुढची गिटार टेलिकास्टरच्या धर्तीची, तीन पितळी सॅडलची. तिला मी वेढ्यांची जी तार लावून बघणार आहे.